होमस्टेड कायदा: जमीन फुकट मिळूनही शेतकरी कर्जात का बुडाला?

मोकळेरान (प्रश्न)

अमेरिकेच्या १८६२ च्या होमस्टेड कायद्याबद्दल बहुतेक पुस्तकांत दोन ओळी असतात: पाच वर्षं राहा, जमीन कसा, १६० एकर तुमची. पुढचं प्रकरण उघडलं की एकदम १८९२ साल येतं. ओमाहात पॉप्युलिस्ट या शेतकऱ्यांच्या पक्षाचं अधिवेशन भरतं आणि कॅन्सस-नेब्रास्काचे शेतकरी रेल्वे कंपन्यांवर आणि कर्ज देणाऱ्यांवर तुटून पडलेले दिसतात. मधल्या तीस वर्षांत नेमकं काय बिघडलं?

माझे प्रश्न असे:
१. जमीन नावावर होण्याची प्रक्रिया प्रत्यक्षात कशी चालायची? खर्च किती यायचा?
२. १६० एकर ही काही लहान जमीन नाही. मग ती पुरत का नव्हती?
३. रेल्वेवरचा राग हिशेबाने खरा ठरतो, की तो पुढाऱ्यांनी पेटवलेला होता?
४. १८८७ मध्ये आंतरराज्य व्यापार कायदा आला. तरीही पुढची वीस वर्षं तक्रारी त्याच का?

"भांडवलदारांनी लुबाडलं" यापलीकडचं, आकडे आणि यंत्रणा सांगणारं उत्तर हवं आहे.

---

दस्तऐवज

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. बाकीची उत्तरं बरीचशी यातच दडलेली आहेत.

सगळी मोजणी १७८५ च्या जमीन अध्यादेशाच्या चौकटीत व्हायची. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर. त्याचा चौथा भाग म्हणजे क्वार्टर सेक्शन, अर्धा मैल बाय अर्धा मैल. हेच ते १६० एकर. चौकोन सरळ रेषांत कापलेले असल्याने एखाद्याला ओढा मिळायचा आणि शेजाऱ्याला नुसता उंचवटा. पश्चिमेकडच्या पुढच्या भांडणांपैकी निम्मी या एका गोष्टीतून निघाली असं माझं मत आहे.

अर्जाची पायरी सोपी होती. वय २१ पूर्ण किंवा कुटुंबप्रमुख, नागरिक किंवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेला, आणि अमेरिकेविरुद्ध शस्त्र न उचललेला. अविवाहित आणि विधवा बाईला स्वतःच्या नावाने अर्ज करता यायचा, नवऱ्यासोबत राहणाऱ्या बाईला सहसा नाही. लँड ऑफिसात जायचं, १० डॉलर शुल्क आणि २ डॉलर कमिशन भरायचं. जमिनीवर राहायला जायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. सलग सहा महिन्यांहून जास्त गैरहजर राहिलात तर दावा सोडला असं धरलं जाई आणि दुसरा कोणी त्यावर हरकत घेऊ शके. कोणी खरोखरच टपून बसलेला असायचा.

पाच वर्षांनी, पण त्यापुढच्या दोन वर्षांच्या आत, पुरावा सादर करायचा. दोन साक्षीदार हवेत. १८७९ पासून साक्षीदारांच्या नावांसह आधी वर्तमानपत्रात नोटीस छापावी लागे. शेवटी ६ डॉलर. एकूण १८ डॉलर झाले. त्यानंतर वॉशिंग्टनच्या जनरल लँड ऑफिसातून पेटंट, म्हणजे मालकीचा दस्त यायचा.

आता मेख बघा. कायद्याच्या चौथ्या कलमानुसार पेटंट मिळण्याआधी घेतलेल्या कर्जापोटी ही जमीन जप्त होऊ शकत नव्हती. हेतू चांगला होता, पण त्यामुळे पहिल्या पाच वर्षांत जमिनीवर कर्ज देणारा कोणी मिळेना. नेमकी याच वर्षांत पैशाची गरज सर्वांत जास्त. बैलजोडी, नांगर, गाडी, विहीर, बियाणं, पहिलं पीक हाती येईपर्यंतचं धान्य असं सगळं धरलं तर शेत उभं करायला ५०० ते १००० डॉलर लागत. मग बैल, अवजारं आणि उभं पीक गहाण पडायचं. जंगम वस्तूंवरच्या या कर्जाचं व्याज जमिनीवरच्या कर्जापेक्षा बरंच चढं असे.

दुसरी वाट कम्युटेशनची. सहा महिने राहून एकरी १.२५ डॉलर भरले की पाच वर्षं थांबायची गरज नाही. १६० एकरांचे २०० डॉलर. हे २०० डॉलर बऱ्याचदा कर्ज देणारा एजंटच पुढे करायचा आणि मालकी हाती येताच तीच जमीन गहाण लिहून घ्यायचा. म्हणजे कर्ज मिळावं म्हणून मालकी आणि मालकी मिळावी म्हणून कर्ज. १८९१ मध्ये ही मुदत १४ महिन्यांवर नेली, ती याच प्रकारांना आणि सट्टेवाल्यांना आळा घालायला.

नांगरटीचं एक सांगतो, कारण इथे बरेच जण पहिलंच वर्ष गमवायचे. प्रेअरीचं गवत मुळांनी इतकं विणलेलं असतं की साध्या नांगराचा निभाव लागत नाही. लांब फाळाचा खास नांगर, त्याला तीन-चार बैलजोड्या, आणि खोली फक्त दोन-तीन इंच. वेळ साधारण मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. त्या काळात गवत जोमात वाढत असतं, उलटवलं की कुजतं. फार लवकर किंवा फार उशिरा उलटवलं तर ते पुन्हा जीव धरतं, आणि पुढच्या वर्षी तीच जमीन परत फोडावी लागते. पहिल्या हंगामात कुऱ्हाडीने गवताच्या ढेकळांत चीर पाडून मका टोचायचे. उत्पन्न जेमतेम. पोटापुरता गहू दुसऱ्या वर्षी.

---

पर्जन्यमापक

दस्तऐवज यांच्या प्रतिसादाला +१. मी दुसरा प्रश्न घेतो.

१६० एकर हा आकडा ओल्या प्रदेशाच्या अनुभवातून आला. आयोवा किंवा इलिनॉयमध्ये एका कुटुंबाला तेवढं पुरून उरतं. पश्चिमेला सरकत गेलात की पाऊस कमी होत जातो आणि १०० व्या रेखांशाच्या आसपास वर्षाला २० इंचांच्या खाली येतो. ही रेषा कॅन्ससमध्ये डॉज सिटीवरून जाते. तिच्या पलीकडे सिंचनाशिवाय दरवर्षी पीक येईल याची खात्री नाही. भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात सरळ लिहिलं होतं की कोरड्या भागात दोनच मापं चालतील: पाणी असेल तर ८० एकर, नुसतं चराऊ कुरण असेल तर २,५६० एकर. मधलं १६० हे दोन्हीकडून चुकीचं. शेतीला पाणी नाही आणि गुरांना गवत पुरत नाही.

काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने ऐकलं नाही. त्यात दुर्दैव असं की १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षं पाऊस चांगला झाला. "नांगरामागून पाऊस येतो" हा सिद्धान्त रेल्वेच्या जमीन खात्यांनी आणि नेब्रास्कातल्या काही विद्वानांनी जोरात विकला. १८८७ पासून कोरडी वर्षं सुरू झाली, १८९४ तर फारच वाईट गेलं. पश्चिम कॅन्ससमधून माणसं गाड्या भरभरून माघारी गेली.

कुंपणाचा हिशेब करून बघा. क्वार्टर सेक्शनचा परिघ दोन मैल. तीन तारा ओढायच्या तर सहा मैल तार. साडेसोळा फुटांना साधारण एक पौंड धरला तर जवळजवळ दोन हजार पौंड. जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचं पेटंट नोव्हेंबर १८७४ मध्ये मिळालं. तेव्हा शंभर पौंडांना २० डॉलरच्या घरात भाव होता, म्हणजे फक्त तारेचे ४०० डॉलर. १८९७ पर्यंत हाच भाव दोन डॉलरच्या आत आला आणि तेवढीच तार चाळीस डॉलरच्या आत मिळू लागली. लाकडी खांब वेगळे, आणि झाड नसलेल्या मुलखात खांबही रेल्वेनेच येणार. औद्योगिकीकरणाने शेतकऱ्याचं भलं केलं की वाईट, या वादात हा आकडा लोक विसरतात. स्वस्त पोलादाशिवाय त्या मैदानावर शेत टिकलंच नसतं.

विहिरीचंही तेच. सखल भागात हाताने खणून पाणी लागायचं. उंचवट्यावर शंभर-दोनशे फूट खाली जावं लागे, तिथे दोर-बादलीने गुरांचं भागत नाही. पवनचक्की हवीच. म्हणजे पुन्हा रोकड.

काँग्रेसने नंतर माप वाढवलं, पण हप्त्याहप्त्याने. १८७३ चा वृक्षलागवड कायदा: ४० एकर झाडं लावली तर आणखी १६० एकर (१८७८ मध्ये ४० चे १० केले, तरी झाडं जगेनात, १८९१ मध्ये रद्द). १८७७ चा वाळवंट जमीन कायदा: ६४० एकर, आधी एकरी २५ सेंट, तीन वर्षांत पाणी आणून दाखवलं की एकरी एक डॉलर. यात लबाडी सर्वांत जास्त झाली. नांगराने एक चर ओढून त्याला कालवा म्हणायचं, आणि साक्षीदार शपथेवर सांगणार की "पाणी पाहिलं". १९०४ मध्ये पश्चिम नेब्रास्कासाठी किनकेड कायदा, ६४० एकर. १९०९ मध्ये ३२० एकर. १९१२ मध्ये पाच वर्षांची अट तीनवर. १९१६ मध्ये पशुपालनासाठी ६४०. विसाव्या शतकात होमस्टेडखाली गेलेली जमीन एकोणिसाव्यापेक्षा जास्त आहे, हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं. पण तोवर चांगली जमीन संपली होती.

---

मालडबा

तिसरा प्रश्न. राग हिशेबाने खरा होता, पण कंपन्यांकडेही हिशेब होता. दोन्ही मांडतो.

जमिनीपासून सुरू करू. १८६२ च्या पॅसिफिक रेल्वे कायद्याने लोहमार्गाच्या प्रत्येक मैलामागे दहा सेक्शन दिले, १८६४ मध्ये वीस केले. हे सेक्शन बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक. मधले सरकारी. या पट्ट्यात सरकारी जमिनीचा भाव दुप्पट, एकरी २.५० डॉलर, आणि १८७९ पर्यंत होमस्टेडची मर्यादा इथे सर्वसाधारणपणे ८० एकर. तेव्हा निवड अशी होती: स्टेशनाजवळ ८० एकर फुकट, किंवा रेल्वेची जमीन उधारीवर विकत, किंवा १६० एकर फुकट पण बाजारापासून लांब. कच्च्या रस्त्यावरून गाडीने गहू न्यायला दोन-तीन दिवस लागले की नफा चाकाखाली जातो.

आता भाडं. शिकागोहून पूर्वेला बऱ्याच कंपन्यांची स्पर्धा. शेतकऱ्याच्या गावात एकच कंपनी. वाबाश या रेल्वे कंपनीच्या खटल्यातले आकडे कायम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. इलिनॉयमधल्या पियोरियाहून न्यूयॉर्कला २६,००० पौंड मालाचे ३९ डॉलर घेतले, शंभर पौंडांना १५ सेंट. त्याच कंपनीने गिलमनहून तेवढ्याच वजनाचे ६५ डॉलर घेतले, शंभर पौंडांना २५ सेंट. गिलमन न्यूयॉर्कला ८६ मैल जवळ आहे.

कंपनीचं म्हणणं असं: रूळ, पूल आणि रोख्यांवरचं व्याज हा खर्च गाडी धावली काय न धावली काय, होणारच. पियोरियात दुसऱ्या कंपन्या आहेत, तिथे जो भाव मिळेल त्यात चालणं भाग आहे. वरचा खर्च जिथे स्पर्धा नाही तिथून काढायचा. अर्थशास्त्र म्हणून यात चूक नाही. पण गिलमनच्या व्यापाऱ्याला त्याचा काय उपयोग?

मोठ्या ग्राहकाला रिबेट ही दुसरी खोच. छापील दर सगळ्यांना एक, पण महिन्याअखेरीस मोठ्याला गुपचूप पैसे परत. रॉकफेलर यांचं स्टँडर्ड ऑइल वाढलं त्यात शुद्धीकरणाच्या कार्यक्षमतेचा वाटा होता तसाच रिबेटचाही.

तिसरा जाच धान्याच्या एलिव्हेटरचा, म्हणजे धान्य साठवण्याच्या कोठाराचा. गावात एकच एलिव्हेटर, तोच प्रत ठरवणार, तोच केरकचऱ्याची वजावट ठरवणार आणि साठवणुकीचं भाडंही तोच. ग्रेंजर या शेतकरी चळवळीच्या दबावाखाली इलिनॉयने १८७१ मध्ये साठवणुकीच्या कमाल भाड्याचा कायदा केला. मन विरुद्ध इलिनॉय खटल्यात १८७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला: लोकहिताशी जोडलेल्या धंद्यावर राज्य नियंत्रण ठेवू शकतं. नऊच वर्षांनी वाबाश निकालात त्याच न्यायालयाने सांगितलं की राज्याबाहेर जाणाऱ्या वाहतुकीला राज्याने हात लावायचा नाही. आणि धान्य तर जवळजवळ सगळं राज्याबाहेरच जाणार. म्हणून १८८७ चा केंद्रीय कायदा आला.

---

ताळेबंद

मालडबा यांच्या मुद्द्यात एक भर, आणि थोडा विरोध.

या काळात रेल्वेचे सरासरी दर उतरत होते. पोलादी रूळ, मोठे डबे, जड इंजिनं. त्यामुळे दर वाढत गेले म्हणून शेतकरी बुडाला हे म्हणणं टिकत नाही. दोन गावांतली तफावत आणि दरांची लहर हा खरा जाच होता.

त्याहून मोठं दुखणं पैशाचं होतं. १८७३ मध्ये चांदीचा डॉलर पाडणं बंद झालं, १८७९ पासून नोटा पुन्हा सोन्यात बदलून मिळू लागल्या. अर्थव्यवस्था वाढत होती, चलन त्या मानाने नाही. भाव घसरत गेले. १८८१ मध्ये शेतावर गव्हाला बुशेलमागे (बुशेल हे धान्याचं माप) डॉलरहून जास्त मिळत होतं, १८९४ मध्ये पन्नास सेंटच्या आसपास. आता ५०० डॉलरचं कर्ज घ्या. डॉलरच्या भावाने ते ५०० बुशेल गहू. पन्नास सेंटने १,००० बुशेल. व्याज अजून धरलेलंच नाही. कर्ज डॉलरमध्ये स्थिर आणि पीक घसरत्या भावात, ही कात्री आहे. कारखान्याच्या वस्तूही स्वस्त झाल्या हे खरं, पण कर्जाचा हप्ता स्वस्त होत नाही. पॉप्युलिस्टांच्या जाहीरनाम्यात चांदीची नाणी आणि चलनवाढ वर का होती ते यातून कळतं. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार करून बघावा.

---

कलमबहाद्दर

चौथा प्रश्न, १८८७ चा कायदा.

कागदावर बरंच काही होतं. पाच सदस्यांचा आयोग. दर "न्याय्य आणि वाजवी" असावेत. दर छापून लावावेत, वाढवायचे तर दहा दिवसांची पूर्वसूचना. रिबेट बंद. कंपन्यांनी आपसात वाहतूक वाटून घेणं बंद. चौथ्या कलमाने लांबच्या अंतरापेक्षा जवळच्याला जास्त भाडं घ्यायला मनाई, पण "मूलतः सारख्या परिस्थितीत". याच शब्दांनी घात केला.

कारभार असा चालायचा: तक्रार, सुनावणी, आदेश. कंपनीने आदेश पाळला नाही तर आयोगानेच संघराज्य न्यायालयात जायचं. कंपनी आयोगापुढे अर्धवट पुरावा मांडायची, उरलेला न्यायालयात पहिल्यांदा काढायची. खटला जणू नव्याने सुरू. वर्षं जायची, तोवर जुनाच दर. १९०५ पर्यंत दरांचे १६ खटले सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यांतले १५ कंपन्यांनी जिंकले. १८९७ मध्ये दोन घाव बसले: आयोगाला पुढचा दर ठरवून देण्याचा अधिकारच नाही असं एका निकालाने सांगितलं, आणि अलाबामा मिडलँड निकालाने स्पर्धा असणं हीच "वेगळी परिस्थिती" मानली. म्हणजे गिलमनचा प्रश्न होता तिथेच.

दुरुस्ती तीन टप्प्यांत झाली. १९०३ चा एल्किन्स कायदा रिबेटविरुद्ध. गंमत म्हणजे तो कंपन्यांनाही हवा होता, मोठ्या ग्राहकांना पैसे परत देऊन त्या थकल्या होत्या. १९०६ चा हेपबर्न कायदा खरा: तक्रार सिद्ध झाली तर कमाल दर आयोग ठरवणार, न्यायालयाने अडवला नाही तर आदेश लागू, सदस्य सात, फुकट पासांवर बंधन, आणि सगळ्यांना एकसारखी हिशेबपद्धत. शेवटचं कलम रुक्ष वाटतं, पण माझ्या मते तेच सर्वांत भारी. वह्या एकसारख्या नसतील तर "वाजवी" दर कशाच्या आधारे ठरवणार? १९१० च्या मॅन-एल्किन्स कायद्याने "मूलतः सारख्या परिस्थितीत" हे शब्द काढून टाकले आणि वाढीव दर वाजवी आहे हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर टाकली.

---

काळीमाती

सगळे हिशेब ठीक, पण "फुकट" जमीन कोणाची होती ते इथे अजून कोणी लिहिलं नाही.

१८८७ मध्येच डॉस कायदा झाला. मूळ रहिवाशांच्या टोळीची सामायिक जमीन तुकडे करून वाटायची: कुटुंबप्रमुखाला १६० एकर, १८ वर्षांवरील एकट्याला ८०, लहान मुलांना ४०. जमीन २५ वर्षं सरकारच्या विश्वस्ततेत, आणि वाटून "उरलेली" गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली. १८८७ मध्ये मूळ रहिवाशांकडे सुमारे १३.८ कोटी एकर होते, १९३४ मध्ये ४.८ कोटी. या कायद्याच्या मागे जमिनीचे लोभी होतेच, पण स्वतःला "इंडियनांचे मित्र" म्हणवणारे पूर्वेकडचे समाजसुधारकही होते. खासगी मालकीने माणूस सुधारतो ही त्यांची श्रद्धा. दारूबंदी, मतदान, बालमजुरी यांवर बोलताना या सुधारणेचं नाव कोणी घेत नाही.

ओक्लाहोमाची २२ एप्रिल १८८९ ची धावही याच साखळीतली. दुपारी बारा वाजता इशारा, सुमारे वीस लाख एकर, आणि संध्याकाळपर्यंत गथ्रीत तंबूंचं शहर. आधीच लपून घुसलेल्यांना "सूनर" म्हणत. त्यांच्या दाव्यांचे खटले पुढे वर्षानुवर्षं चालले.

---

मोकळेरान

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा बरंच जास्त मिळालं. एक उपप्रश्न: ताळेबंद म्हणतात त्या कात्रीवर पॉप्युलिस्टांकडे चांदीशिवाय काही ठोस योजना होती का?

---

ताळेबंद

होती, आणि चांदीपेक्षा चांगली. शेतकरी चळवळीचे पुढारी चार्ल्स मक्यून यांनी १८८९ मध्ये मांडलेली सबट्रेझरी. सरकारने पीक पिकणाऱ्या जिल्ह्यांत गोदामं बांधायची. शेतकऱ्याने न नासणारं पीक तिथे ठेवायचं, बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज एक टक्का व्याजाने, कायदेशीर चलनी नोटांत. भाव चढला की विकायचं. सुगीच्या वेळी सगळ्यांचा माल एकदम येऊन भाव पडतो आणि त्याच वेळी रोकड आटते, या दोन्हींवर एकच उपाय. धोका उघड होता: भाव पडतच राहिला तर गोदाम सरकारच्या गळ्यात. काँग्रेसमध्ये ती मेली.

तुकड्यांनी मात्र ती परत आली. १९१६ च्या गोदाम कायद्याने परवानाधारक गोदामाची पावती तारण म्हणून चालू लागली. त्याच वर्षीच्या शेतकर्ज कायद्याने बारा लँड बँका उभ्या केल्या. जमिनीच्या किमतीच्या ५० टक्के आणि बांधकामाच्या २० टक्क्यांपर्यंत कर्ज, मुदत ५ ते ४० वर्षं, व्याज सहा टक्क्यांच्या वर नाही. किमान दहा कर्जदारांनी मिळून संघ करायचा आणि प्रत्येकाने कर्जाच्या पाच टक्के रकमेचे शेअर घ्यायचे, तेही कर्जातूनच कापून. मात्र यात पहिल्या दोन-तीन कोरड्या वर्षांत अडकलेल्या, पेटंट न मिळालेल्या माणसाला तेव्हाही जागा नव्हती, कारण तारण जमीनच.